पत्राच वीज करणारा घ्यावा की साध्या पत्र्यावर पॅनेल? (जुनी शेड, शिरोली एमआयडीसी)

शेडवाला | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, शेड वडिलांनी बांधलेली, वर अजून सिमेंटचा म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचाच पत्रा. गळती काढून काढून कंटाळलो, यंदा दिवाळीनंतर सगळं छत उतरवून कलर कोटेड पत्रा घालायचं नक्की केलंय. छत साधारण ६०० चौरस मीटर. आणि छत करतोयच तर सोलरचंही सोबतच उरकून घ्यावं असं आहे, कारण सीएनसी दोन शिफ्टला चालतात आणि वीजबिल दर महिन्याला अंगावर येतं.

आता मुद्दा असा की पत्र्याचं कोटेशन घेताना एकाने प्रेझेंटेशन दाखवलं, "पॅनेल विसरा, आता पत्राच वीज करतो, कोटिंगमध्येच सोलर सेल असतो, वेगळं वजन नाही, भोकं नाहीत, शेड दिसायलाही देखणी". फोटो सगळे परदेशातल्या इमारतींचे. चौरस मीटरला किती वॉट आणि दर काय विचारलं तर "प्रोजेक्ट बघून सांगतो". मी एरवी असल्या गोष्टीला भुलत नाही पण इथे अडलोय, कारण ज्या स्ट्रक्चरलवाल्याला शेड दाखवली तो उभ्या उभ्या बघून म्हणाला की तुमच्या ट्रसवर (छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर) पॅनेलचं वजन झेपायचं नाही. म्हणजे बिनवजनाचा वीज देणारा पत्रा खरंच असेल तर मला तो हवाच आहे.

कुणाला हे तंत्र आतून माहीत आहे का? साध्या सिलिकॉन पॅनेलशी तुलना करून सांगा प्लीज. तिथे ऑर्डर द्यायच्या आधी सगळं समजून घ्यायचंय.

मिनीरेल | सोमवार, रात्री १०.३५

शेडवाला दादा, मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात शेडवर पॅनेल बसवायचंच काम करतो त्यामुळे माझं मत एका बाजूचं धरा, पण आकडे तपासून बघा. आज बाजारात सहज मिळणारं ५५० वॉटचं पॅनेल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर असतं म्हणजे २.५८ चौरस मीटर, भागाकार केला की चौरस मीटरला २१० वॉटच्या वर. तुमच्या ६०० मीटरमधून चालायची वाट, कडा, कोन्याची जागा, उजेडाचे पत्रे सोडले तर साडेतीनशे-पावणेचारशे मीटर आरामात मिळतात, म्हणजे ७५ ते ८० किलोवॉट. आपल्याकडे किलोवॉटला वर्षाला साधारण १,४०० युनिट पडतात (उत्तरेच्या उताराला थोडे कमी), तर वर्षाला लाखभर युनिट झाले.

तुमच्या पत्रेवाल्याला एवढंच विचारा, चौरस मीटरला वॉट किती, आणि ते मॉड्यूल (म्हणजे पॅनेल) सरकारने मान्य केलेल्या मॉड्यूलच्या, एएलएमएम यादीत आहे का. नेट मीटरिंगला, म्हणजे जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घ्यायला, यादीतलंच मॉड्यूल लागतं. या दोन उत्तरांवर निम्मा विषय संपतो.

वेल्सवासी | मंगळवार, दुपारी १.२०

हा विषय माझ्या फार जवळचा आहे म्हणून मोठं लिहितेय. मी मटेरियल्समधली, गेली कित्येक वर्षं साउथ वेल्समध्ये स्वान्सीजवळ राहते, आणि "वीज करणारा पत्रा" ही गोष्ट बऱ्याच अंशी इथलीच आहे. तिचा टाटांशीही थेट संबंध आहे.

२००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर नॉर्थ वेल्समधला शॉटनचा कलर कोटिंगचा कारखाना आला. तिथे पत्र्याची गुंडाळी एका टोकाने लाइनवर चढते आणि रंग लागून, भट्टीतून भाजून दुसऱ्या टोकाला परत गुंडाळली जाते, न थांबता. कल्पना अशी होती की रंगाचा थर देतोच आहोत तर त्याच लाइनवर सोलर सेलचेही थर का देऊ नयेत? त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या डायसोल कंपनीबरोबर काम सुरू झालं. सेल होता डाय-सेन्सिटाइज्ड जातीचा, जो ओरिगन आणि ग्रेट्झेल यांनी १९९१ मध्ये जगापुढे आणला. त्यात मुख्य माल टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगात घालतात तीच पावडर, तिच्यावर प्रकाश शोषणारा डाय, आणि मध्ये आयोडीनचं द्रावण. सिलिकॉनसारखी हजार-चौदाशे डिग्रीची भट्टी नको, अतिशुद्ध माल नको. कागदावर इतकं सुंदर दिसतं की कुणालाही वाटेल हे करायलाच पाहिजे, आणि ज्यांनी केलं त्यांनी जीव ओतून केलं.

अडचणी कुठे आल्या ते सांगते, कारण शेडवाला यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

एक, वेळ. टायटॅनियम डायऑक्साइडची पावडर एकमेकींना धरून बसावी म्हणून साधारण ४५० डिग्रीला अर्धा तास भाजावी लागते. लाइन तर मिनिटाला कित्येक मीटर पळते, अर्धा तास भाजायचं म्हटलं तर भट्टी किलोमीटरमध्ये मोजावी लागेल. इथल्या विद्यापीठातल्या लोकांनी निअर इन्फ्रारेड दिव्यांनी तेच काम १२.५ सेकंदांवर आणलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं सगळ्यात अफलातून काम ते.

दोन, पत्र्यातून उजेड आरपार जात नाही. काचेवरच्या सेलला उजेड योग्य बाजूने मिळतो, पत्र्यावर मात्र तो वरच्या इलेक्ट्रोडमधून आणि त्या तपकिरी द्रावणातून गाळूनच खाली पोचतो, मग कार्यक्षमता तिथेच घसरते.

तीन, आणि हे सगळ्यात जिवावरचं. लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ते टिंक्चर आयोडीन आठवतं? त्यात आयोडीन आणि पोटॅशियम आयोडाइड असतं. सेलमधलं द्रावण त्याच कुळातलं. ते जस्ताचं लेपन असलेल्या पत्र्याला लागलं की जस्त खातं, मग पोलाद खातं. म्हणजे गंजू नये म्हणून ज्या पत्र्याला एवढं जपायचं त्याच्याच अंगाला गंजवणारं द्रावण बांधायचं, आणि ते वीस-पंचवीस वर्षं एका थेंबानेही गळता कामा नये. मग मध्ये टायटॅनियम धातूचा फॉइल घालायचे प्रयोग झाले, पण टायटॅनियम आलं की स्वस्ताईचा मुद्दा गेला.

२०११ मध्ये तीन मीटरच्या पुढचं, सलग पत्र्यावरचं मॉड्यूल जगाला दाखवलं गेलं, बातम्याही झाल्या. पण बांधकामाच्या दुकानात तो पत्रा आला नाही. डायसोलने पुढे ग्रेटसेल नाव घेतलं आणि २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रशासनात गेली.

याच काळात सिलिकॉन काय करत होतं बघा. २००८ च्या आसपास पॅनेलचा भाव वॉटला साडेतीन-चार डॉलर होता, तेव्हा हा पत्रा शर्यतीत धरता येत होता. २०२४ मध्ये चिनी पॅनेल वॉटला दहा सेंटच्या आसपास आलं. प्रयोगशाळेत नवीन सेल एकेक टक्का चढत होता आणि बाहेर बाजारात भाव त्याच्या खालून निसटत होता. आज जगात विकल्या जाणाऱ्या पॅनेलपैकी ९५ टक्क्यांहून जास्त सिलिकॉन आहे ते उगाच नाही.

शेडवाला | मंगळवार, दुपारी ३.०५

ताई, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पण मग मला दाखवलेल्या फोटोंतल्या इमारती? त्यातली एक वेल्सचीच होती, वर्गखोली, वर काळंभोर छत.

वेल्सवासी | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

ती बहुधा स्वान्सी विद्यापीठाच्या बे कॅम्पसवरची अ‍ॅक्टिव्ह क्लासरूम. खरी इमारत आहे, २०१६ ची, आणि उत्तम आहे. पहिल्या वर्षात वापरली त्याच्या दीडपट ऊर्जा तिने तयार केली. २०१८ मध्ये शेजारीच अ‍ॅक्टिव्ह ऑफिस झालं. दोन्ही विद्यापीठाच्या स्पेसिफिक नावाच्या केंद्राचं काम, ज्यात टाटा स्टील भागीदार आहे.

पण त्या छतावर रंगासारखा लावलेला सेल नाहीये. तिथे सीआयजीएस म्हणजे तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियमचे पातळ सेल वेगळे तयार करून, लॅमिनेट करून, कारखान्यातच कोटेड पत्र्यावर चिकटवलेत. रंगच वीज करतो ही एक गोष्ट आणि पत्र्यावर पातळ मॉड्यूल चिकटवून देतात ही वेगळी. पहिली बाजारात नाही. दुसरी आहे, थोडी महाग पण आहे, चांगल्या लवचिक सीआयजीएसची कार्यक्षमता १५-१७ टक्क्यांपर्यंत मिळते. तुम्हाला नेमकं काय विकतायत ते कागदावर लिहून घ्या.

अवांतर: त्याच क्लासरूमच्या भिंतीवर बारीक छिद्रांचा गडद पत्रा आहे, ऊन लागलं की पत्र्यामागची हवा तापते आणि पंख्याने आत ओढून घेतात. वीज नाही, काच नाही, नुसता भोकांचा पत्रा. मला विचाराल तर पोलादाच्या पत्र्याने ऊन वापरायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आजही हाच आहे.

हळदीचा_गाव | मंगळवार, रात्री ८.००

वेल्सवासी ताई, ही भोकाच्या पत्र्याची हवा हळद वाळवायला चालेल का? शिजवलेली हळद अंगणात पसरली की अवकाळी पावसाची धाकधूक असते.

वेल्सवासी | मंगळवार, रात्री ८.२५

तत्त्वाने चालेल, अशाच भिंती-छपरांच्या गरम हवेवर शेतमाल वाळवतात. पण त्याला पंखा, हवेचा वेग, थर किती जाड पसरायचा असं वेगळं गणित लागतं. नवीन धागा काढा, मी नक्की लिहीन.

मिशिगनकर | बुधवार, सकाळी ७.१५

चिकटवलेल्या लॅमिनेटचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतला अनुभव लिहितो. आमच्याकडे मिशिगनमध्ये युनायटेड सोलर म्हणजे युनि-सोलर होती. ते स्टेनलेस स्टीलच्या पातळ पट्टीच्या लांबच लांब गुंडाळीवर अमॉर्फस सिलिकॉनचे तीन थर चढवायचे, म्हणजे पोलादावर सोलर, गुंडाळीहून गुंडाळीवर, हे त्यांनी खरंच मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. मागे चिकट थर असलेली पट्टी यायची, कागद सोलायचा आणि धातूच्या छतावर बसवायची. त्यांची १३६ वॉटची पट्टी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ३९४ मिलिमीटर रुंद, वजन पावणेआठ किलो. म्हणजे चौरस मीटरला साडेतीन किलो फक्त, काचेच्या पॅनेलच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. पण वॉट? चौरस मीटरला ६३.

शेडवाला यांनी ६३ आणि वर मिनीरेल यांनी दिलेले २१० शेजारी शेजारी लिहून बघावेत. त्याच छतावर पाऊणशे किलोवॉटऐवजी तेवीस-चोवीस.

आणि ती रुंदी ३९४ का होती? इथल्या छतांचा पत्रा सपाट पाटांचा असतो, १६ इंच रुंद पाट आणि दोन्ही कडांना उभी घडी, पट्टी त्या पाटात बरोबर मावायची. भारतात शेडला जो ट्रॅपेझॉइडल पत्रा घालतात त्याला दर वीस-पंचवीस सेंटीमीटरला उंचवटा येतो, मध्ये एवढा सपाट भाग मिळतच नाही. त्यामुळे चिकटवायचं म्हटलं तर आधी पत्र्याचं प्रोफाइलच बदलावं लागेल, आणि तो पत्रा महाग पडतो.

युनि-सोलरची मूळ कंपनी फेब्रुवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तांत्रिक माल वाईट नव्हता, सावलीत आणि ढगाळ उजेडात तो बरा चालायचा, उन्हाने तापला तरी कमी घसरायचा. पण आज ज्यांच्या छतावर त्या पट्ट्या आहेत त्यातली एखादी मेली तर बदली पट्टी कुठून आणणार? पत्र्यापासून ती सोलून निघत नाही. पॅनेलचं तसं नाही, कंपनी बुडाली तरी चार क्लॅम्प सोडवून दुसऱ्या कंपनीचं बसवता येतं, मापाचा थोडा खटाटोप होतो इतकंच.

तुळई | बुधवार, सकाळी ११.५०

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुण्यात प्रॅक्टिस. धागा वाचत होते पण मूळ प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. शेडवाला दादा, तुम्हाला ट्रस झेपणार नाही असं ज्यांनी सांगितलं त्यांनी कुठला हिशेब कागदावर दिला का? उभ्या उभ्या बघून हे सांगता येत नाही.

तुमच्या छतावर आत्ता काय आहे? सिमेंटचा पत्रा. सहा मिलिमीटरचा पन्हळी सिमेंट पत्रा चौरस मीटरला १३-१४ किलो भरतो, लॅप आणि हुक-बोल्ट धरले की त्याहून जास्त, ओला असला की आणखी. तो काढून तुम्ही काय घालताय? अर्धा मिलिमीटरचा कोटेड पत्रा, पाच किलोच्या आत. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला साधारण नऊ किलो वजन तुम्ही ट्रसवरून उतरवताय! पॅनेल आणि मिनी रेल (पत्र्यावर स्क्रूने बसवायची, पॅनेल धरणारी छोटी पट्टी) मिळून १२ ते १४ किलो. त्यातले नऊ तर मोकळे झालेच. शिवाय आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे कमी उताराच्या, वर वावर नसलेल्या छतालाही चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन म्हणजे ढोबळ ७५ किलो जिवंत भार (दुरुस्तीला चढणारी माणसं वगैरेंचा तात्पुरता भार) धरायचा असतो. शेड त्या हिशेबाने बांधलेली असेल तर पॅनेलचं वजन हा प्रश्न एवढा मोठा नाही जेवढा तुम्हाला सांगितलाय.

मोठा प्रश्न वेगळाच आहे आणि तो पत्रेवाला सांगणार नाही. वारा. सिमेंटचा जड पत्रा स्वतःच्या वजनाने ट्रसला खाली दाबून धरतो. तो गेला आणि हलका पत्रा आला की वादळात छत वर उचललं जायची ताकद तीच पण दाबणारं वजन गेलेलं. म्हणून जुन्या शेडचा पत्रा बदलताना पर्लिनचे (ट्रसवरच्या, पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे) क्लीट, ट्रसचे बेस प्लेट, अँकर बोल्ट बघायलाच हवेत, सोलर लावा की लावू नका. वीज देणारा हलका पत्रा घातलात तर हा धोका जसाच्या तसा राहतो. उलट पत्र्याला समांतर आणि जवळ बसवलेली पॅनेल असतील तर थोडं वजन परत मिळतं. (उताराला उभी तिरकी करून लावलेली पॅनेल मात्र वारा पकडतात, ती जुन्या शेडवर नकोतच.)

पर्लिनचं सेक्शन, अंतर, ट्रसचे अँगल मोजून, गंज कुठे किती खाल्लाय ते हातोडीने ठोकून बघून, रीतसर रिपोर्ट घ्या. दोन-चार पर्लिन वाढवाव्या लागल्या तर पत्रा उतरवलेला असतानाच त्या स्वस्तात होतात, नंतर नाही.

शेडवाला | बुधवार, दुपारी २.३०

तुळई ताई, हे वजनाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. रिपोर्ट काढायला उद्याच फोन करतो. जुने ड्रॉइंग वडिलांच्या फायलीत आहेत, ते चालतील ना?

तुळई | बुधवार, दुपारी २.४५

चालतील, पण जागेवर मोजून पडताळायचे. ड्रॉइंगमधला अँगल आणि वर लावलेला अँगल यात फरक सापडतो.

उद्याचं_ऊन | बुधवार, रात्री ९.२०

सगळे जुन्याच्या बाजूने बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. पेरोव्स्काइट बघा, सोलर सेलसाठीचा हा नवा माल. २००९ मध्ये त्याची कार्यक्षमता ३.८ टक्के होती, आज प्रयोगशाळेतला लहान सेल २६ च्या पुढे गेलाय. इतक्या वेगाने कुठलंच सोलर तंत्र वर आलेलं नाही, आणि ते द्रावणातून, कमी तापमानात, छपाईसारखं लावता येतं, म्हणजे पत्र्याच्या लाइनला तेच सगळ्यात शोभतं. जगात दर वर्षी किती कोटी चौरस मीटर पत्रा छताला आणि भिंतीला लागतो. तो सगळा आधीपासून वर जाणारच आहे, त्याची रचना, ट्रस, मजुरी सगळं भरलेलंच आहे. त्यावर वेगळी अ‍ॅल्युमिनियमची रेल, वेगळी फ्रेम, वेगळी काच चढवणं हा एका जागेसाठी दोनदा माल वापरणं आहे. २०-२२ टक्क्यांच्या पॅनेलला आज हरवता आलं नाही म्हणून दिशाच चुकीची असं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

वेल्सवासी | गुरुवार, दुपारी १२.१०

तुमची तळमळ पोचली, आणि माल दोनदा वापरला जातो हा मुद्दा मला पटतो. याच मुद्द्यासाठी इतक्या लोकांनी आपली उमेदीची वर्षं दिलीत. पण पेरोव्स्काइट सध्या कुठे चाललंय बघा. चीनच्या लॉन्गी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांचा टँडम म्हणजे एकावर एक दोन थरांचा सेल जाहीर केला, त्याच वर्षी ब्रिटनच्या ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने आपली पहिली व्यापारी टँडम पॅनेल अमेरिकेला पाठवली. दोन्हीत पेरोव्स्काइटच्या खाली काय आहे? सिलिकॉन. म्हणजे नवं तंत्रही आधी पॅनेललाच बळ देतंय, पत्र्याला नाही. आणि पेरोव्स्काइटचे शत्रू दमट हवा आणि उष्णता, पत्र्याचं छत म्हणजे दोन्ही एकत्र.

उष्णतेचं जरा जास्त सांगते कारण तुमच्याकडे तो मुद्दा आमच्यापेक्षा महत्त्वाचा. पॅनेल पत्र्यापासून थोडं उचललेलं असतं, खालून वारा फिरतो. चिकटवलेल्या पट्टीला पाठीमागून हवाच नाही, त्यामुळे ती बरीच जास्त तापते. समजा एप्रिलच्या दुपारी पॅनेलचा सेल ६० डिग्रीला आहे आणि चिकटवलेला ७५ ला. डिग्रीमागे ०.३५ टक्के घट धरली तर २५ डिग्रीच्या मापाशी तुलना करता पहिल्याची घट १२ टक्के, दुसऱ्याची साडेसतरा. आणि उचललेलं पॅनेल खालच्या पत्र्यावर सावलीही धरतं, शेड आतून थंड राहते. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला तो फरक कळतो.

अजून एक गोष्ट जी कारखान्याबाहेर फारशी बोलली जात नाही. पत्रा हा स्वतःच विजेचा वाहक. त्यावर सेल एकापुढे एक जोडायचे तर मध्ये इन्सुलेशनचा थर एकसंध हवा. काही किलोमीटर लांबीच्या गुंडाळीत सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं की तिथे वीज पत्र्यात उतरली. काचेच्या पॅनेलमध्ये हे काम काच आयतं करते.

मिनीरेल | गुरुवार, दुपारी १.००

वेल्सवासी ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला +१, आणि जागेवरचं सांगतो. पत्रा कधी मापात येत नाही. कोन्यावर, वळचणीला, चिमणीभोवती फॅब्रिकेटर ग्राइंडरने कापतो, लॅपवर दाबून स्क्रू मारतो. वीज देणारा पत्रा कापायचा कुठून? आणि ऊन पडलं की तो चालूच, बंद करायला बटण नाही. वर काम करणारी पोरं पत्र्याची, विजेची नव्हेत. त्यांच्या जिवाचा विचार पहिला.

श्रीवर्धनची | गुरुवार, संध्याकाळी ७.३०

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. तुळईंनी वाऱ्याचं लिहिलं ते अगदी खरं. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरने अंगावर घेतलंय, नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे कुठल्या कुठे गेले. आमच्या घरावर आता नवा पत्रा आहे आणि सोलर घ्यायचंय, समुद्र हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेला यातलं काय टिकेल? आणि सरकारी अनुदान या चिकटवलेल्या प्रकाराला मिळतं का?

मिनीरेल | गुरुवार, रात्री ९.४५

श्रीवर्धनच्या ताई, पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यावर जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याला भारतात बनलेल्या सेलची, डीसीआर म्हणतात ती पॅनेल लागतात. परदेशातून आणलेला चिकटवायचा माल त्यात बसणार नाही. शेडवाला दादांना हे अनुदान नाही, ते फक्त घरांना.

खाऱ्या हवेसाठी पॅनेलला आयईसी ६१७०१ चाचणीचं सर्टिफिकेट मागा, मोठ्या कंपन्यांकडे असतं. पण किनाऱ्यावर आधी पॅनेल जात नाही, स्ट्रक्चर आणि स्क्रू जातात. तुमचा पत्रा गॅल्व्हल्यूमवर (अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचं लेपन असलेल्या पत्र्यावर) रंग दिलेला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, त्याला तांबं लागू द्यायचं नाही. अर्थिंगची उघडी तांब्याची पट्टी थेट पत्र्यावरून नेलेली मी पाहिलीय, तिच्यावरून ओघळलेलं पाणी जिथे जिथे जातं तिथे कोटिंग खातं. जीआय म्हणजे जस्त चढवलेली लोखंडी पट्टी घ्या किंवा इन्सुलेशनची वायर.

शेडवाला | शुक्रवार, रात्री ९.००

मंडळी, अपडेट देतो. पत्रेवाल्याला मिनीरेल यांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न लेखी विचारले. उत्तर आलं, चौरस मीटरला १०० वॉटच्या आसपास, सपाट पाटाचाच पत्रा घ्यावा लागेल, एएलएमएम यादीत मॉड्यूल नाही, आणि बिघाड झाला तर पूर्ण पत्रा बदलायचा. वॉटमागे दर पॅनेलच्या कित्येक पट. तो विषय बंद केला.

तुळई ताईंनी सांगितल्याप्रमाणे रीतसर तपासणी लावलीय. तिथून होकार आला की कोटेड पत्रा आणि वर समांतर मिनी रेलवर पॅनेल. उद्याचं_ऊन, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात राहिलाय. ऑफिसची पश्चिमेची भिंत पुढे मागे करायची आहे, तिथे वजनही नको आणि दिसायलाही बरं हवं, तोवर चांगला माल इथे मिळायला लागला तर भिंतीला तोच लावायला मला आवडेल.

शेवटचा प्रश्न मिनीरेल यांना. नव्याकोऱ्या पत्र्याला इतकी भोकं पाडायची म्हणजे पोटात गोळा येतो. गळणार नाही याची काय काळजी घेऊ? आणि पत्र्याची वॉरंटी?

मिनीरेल | शुक्रवार, रात्री १०.२०

पत्रा घ्यायच्या आधीच कंपनीकडून लेखी घ्या की मिनी रेल लावली तरी वॉरंटी चालू राहील, कुठला स्क्रू चालेल तेही त्यातच लिहून घ्या. नंतर विचारलं की कुणी सही करत नाही.

स्क्रू कायम उंचवट्यावर मारायचा, पन्हळीत कधीच नाही, पाणी पन्हळीतून वाहतं. रेलच्या खाली ईपीडीएम रबराची पट्टी आधीपासून चिकटवलेली येते ती घ्या, आणि स्क्रूला ईपीडीएम वॉशर. वॉशर किंचित फुगेपर्यंतच आवळायचा, पार चपटा झाला की रबर उन्हात फाटतं. मशीनला टॉर्क लावून द्या, पोरांच्या अंदाजावर सोडू नका. मिनी रेल नुसत्या पत्र्याला धरते म्हणून कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पॅनेलला, जिथे वारा सगळ्यात जास्त उचलतो, तिथे शक्य तेवढे सांधे पर्लिनवर आणा. पर्लिनची रेघ पत्रा घालतानाच मार्करने वर काढून ठेवा, नंतर खालून शोधत बसावं लागतं.

आणि ग्राइंडरचा, ड्रिलचा कीस रोज संध्याकाळी मऊ झाडूने काढायला लावा. तो राहिला तर एका रात्रीच्या दवाने गंजतो, कोटिंगवर तांबडे डाग बसतात आणि ते परत निघत नाहीत.

शेडवाला | शुक्रवार, रात्री १०.४०

नोंद केली. पत्रा कंपनीला वॉरंटीचं ईमेल आत्ताच टाकतो, रिपोर्ट आला की पर्लिनचं अंतर इथेच लिहितो, तुम्ही आणि तुळई ताई एकदा नजर टाका.